रायफलीच्या घरातली माणसं

मैनेचे हात जेवतानाही हवेत रायफल जोडायचे थांबत नव्हते. ओठांत माळ चालूच होती: नळी, पिन, बोल्ट, स्प्रिंग, झाकण. ही पोपटपंची ऐकूनच बराकीतल्या पोरींनी तिला मैना करून टाकलं होतं.

दुपारी परीक्षा होती. डोळ्यांना पट्टी बांधून सुटी केलेली रायफल जोडायची. आधी दोनदा ती आपटली होती. शिकवणारे उस्ताद मुद्दाम कानाशी ओरडायचे, माळ तुटायची आणि मैना पुन्हा पहिल्या मण्यावर. आता चुकली की घरी रवानगी. घरी तर वहिनीनं तिची खाटही कुणाला देऊन टाकली होती.

"आधी गिळ," शेजारी बसलेली मावशी म्हणाली. बराकीत वयानं मोठी, म्हणून ती सगळ्यांचीच मावशी. "सांग, बोल्टनंतर काय?"

"नळी, पिन..."

"घरात कोण कोण असतं विचारलं, तर पणजोबांपासून सुरू करतेस का गं?"

"मग काय करू? डोक्यात दुसरं काही बसतच नाही."

"नातं लाव की. बोल्ट ही घरची सून. पिन तिच्या पोटातलं लेकरू. स्प्रिंग म्हणजे सासू, सदा मागून ढकलणारी."

"आणि झाकण?"

"सासरा. काम ना धाम, वर बसून सगळं झाकायचं."

मैनेला ठसका लागला.

दुपारी पट्टी बांधली. उस्तादांनी भाग कालवून टाकले. मैनेनं बोल्ट उचलला, तोच कानाशी गर्जना झाली, "सकाळी बूट कुणी नाही पुसले?"

माळ तुटली. जीभ सवयीनं 'नळी'कडे वळली, पण अंगठा बोल्टवरच होता. अंगठ्याखाली सुनेचं पोट रिकामं! तिनं सतरंजी चाचपली. सासू सापडली, सासरा सापडला.

"वेळ चाललाय!"

"उस्ताद, सुनेचं लेकरू हरवलंय."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"काय हरवलंय?"

"पिन, उस्ताद. ती आल्याशिवाय मी सासूला हात लावणार नाही."

मग तळहातावर पिन पडली, कुणाच्या तरी मुठीत राहून कोमट झालेली.

"आधीच्या दोघींनी पिनेविना बंदूक जोडून दिली मला," उस्ताद गुरगुरले. "लढाईत त्या बंदुकीनं काठीसारखं हाणणार होत्या. चल, उरक."

बंदूक जुळली. घोडा दाबला, तशी ती खटकन बोलली.

"पास."

पट्टी सुटली, तरी मैनेची चुळबूळ थांबेना. आपण घर सोडून निघालो, तेव्हा तिथे कुणाच्या अंगठ्याला अशी रिकामी जागा लागली असेल का?

"आता काय हरवलं गं?" मावशीनं विचारलं.

"कुठे काय," मैना म्हणाली आणि बाहीचं बटण सोडून पुन्हा लावू लागली.