जपानी बोटीवरचा शब्द

तरणा होतो तेव्हा मुरगाव बंदरात जपानी बोटींवर डिचोलीचं खनिज चढवायला होतो. बोटींचे कप्तान माझ्याकडून जपानी शिकून गेले, असं मी सांगतो. कोणी मानत नाही. माझी बायको रुक्मिणी तर हसता हसता ठसका लावून घ्यायची.

श्रावणात ती गेली. त्या सकाळी आमची नऊ वर्षांची नात गौरवी वेणीवरून तिच्याशी भांडली आणि रागाने ‘जाते’ म्हणून शाळेला निघाली. आमच्याकडे घरातून निघताना ‘येते’ म्हणतात, ‘जाते’ म्हणत नाहीत. दुपारी ती परतली तर आजी नव्हती. त्यानंतर चार महिने पोरीच्या तोंडून शब्द नाही. डॉक्टर झाले, देव झाले.

एका रविवारी माझ्या मुलाने, श्रीनाथने, टीव्हीवर जपानी कार्टूनचा चित्रपट लावला. एक मुलगी वारलेल्या आजीला शोधत ढगांतल्या गावी पोचते. खाली इंग्रजी अक्षरं. मला इंग्रजी येत नाही, म्हणून मी थेट जपानी ऐकूनच गौरवीला अर्थ सांगू लागलो. त्यातला कोल्हा बोलला की मी सांगायचो, "पाव घेऊन पोदेर अजून आला नाही म्हणतोय." गौरवी ओठ दाबून बसलेली.

शेवटी त्या मुलीला आजीला तिथेच ठेवून घरी परतायचं होतं. पुलावर थांबून ती काहीतरी बोलली.

"येते गे आजी, म्हणाली," मी सांगितलं.

"खोटं. जाते म्हणाली. खाली लिहिलंय."

बोलली गौरवी. श्रीनाथच्या हातातला रिमोट पडला. मी मात्र भांडण सोडलं नाही. सोडलं असतं तर ती पुन्हा गप्प झाली असती.

"लिहिणाऱ्याला काय कळतं? निघताना जपानी माणूस जाऊन येतो असंच म्हणतो. बोटीवरचा स्वयंपाकी रोज म्हणायचा."

"तू थापा मारतोस, आजो."

"बाबाला विचार."

श्रीनाथने तो प्रसंग मागे नेऊन मोबाईलला ऐकवला, त्यावर आलेलं भाषांतर वाचलं आणि माझ्याकडे बघतच राहिला. "खरं आहे. जाऊन येते, असाच अर्थ होतो."

सत्तर वर्षांत माझी एक गोष्ट खरी निघाली.

गौरवीचा चेहरा वाकडा झाला. "मी जाते म्हटलं. म्हणून आजी गेली."

"तुझी आजी पन्नास वर्षं माझ्या थापा ऐकत होती. माणसाला काय म्हणायचंय तेवढंच ती ऐकायची. तिला ‘येते’च ऐकू आलं."

"ही थाप?"

"नाही."

तिने फ्रॉकला नाक पुसलं आणि चित्रपट पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला. संध्याकाळी शेजारची देवकी आली, तिला गौरवीने तो सगळा सांगितला. त्यात सात हत्ती पूल उचलून धरतात. चित्रपटात हत्ती नव्हता. मी बोलायला तोंड उघडलं, पण पोरीने मला मध्ये शिरायला जागाच ठेवली नाही.