मोटेच्या कातड्याचा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे. कुत्र्याच्या गळ्यातला, म्हणून नाक मुरडू नका, मित्रांनो. माझं कातडं चांगल्या घरचं आहे. बावधनच्या कोंडिबाच्या विहिरीवर मोट होती, त्या मोटेचं. विहिरीवर इंजिन बसलं आणि मोट पडवीत सुकत पडली. कोंडिबानं तिची एक पट्टी कापली, दाभणानं पितळी कडी शिवली आणि मला कवड्याच्या गळ्यात घातलं.

कवड्या म्हणजे पांढऱ्या अंगावर काळ्या ठिपक्यांचं आडदांड कुत्रं. तिसऱ्या भोकात मी त्याला नेमका बसायचो.

गावाच्या कडेला तेव्हा बंगले उठत होते. कोंडिबाला तिथं राखणीचं काम मिळालं. बंगलेवाल्यांनी कुत्र्यांसाठी तारेचं कुंपण घालून एक मैदान राखलं होतं. संध्याकाळी पट्टे फाटकाजवळच्या खिळ्यांना अडकवायचे आणि कुत्री आत मोकळी उधळायची. माझ्या शेजारी चकचकीत विलायती पट्टे लोंबत. पण पळण्यात पहिला कोण? आमचा कवड्या! बंगल्यातल्या बाया त्याचं कौतुक करायच्या आणि मी इकडे फुगून जायचो.

चौऱ्याऐंशी साली एक भटकं कुत्रं तिथं कुणाला तरी चावलं. फाटकावर पाटी लागली, की बिनपट्ट्याचं कुत्रं रस्त्यावर दिसलं तर शहरातली कुत्री पकडणारी गाडी त्याला उचलून नेईल. नेलेलं कुत्रं परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या पाटीचे खिळे कोंडिबानंच ठोकले.

मग पोळा आला. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. कोंडिबानं बैल धुतले आणि कवड्याकडे बघून म्हणाला, "आज कुनाच्याच मानंवर कायबी नगं." मला सोडून त्यानं जुवाशेजारच्या खुंटीला अडकवलं. अरे बाबा, मी ओझं नव्हतो रे! पण पट्ट्याचं ऐकतंय कोण?

कोंडिबा बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावत बसला. मैदानाची वेळ झाली तसा कवड्या सवयीनं एकटाच निघाला. मी खुंटीवरून नुसता बघत राहिलो. मला एक हाक मारता आली असती, तर जन्मभर दुसरं काही मागितलं नसतं.

कोंडिबाची बायको गोजराबाई पुरण वाटता वाटता बाहेर आली आणि कवड्या कुठं गेला म्हणून विचारू लागली. कोंडिबाचा हात थांबला. मला ओढून घेऊन तो अनवाणी पळत सुटला.

गाडी वळणावरच उभी होती. जाळीआडून कवड्यानं धन्याला ओळखलं आणि शेपूट हलवलं. हिंगळानं लाल झालेल्या हातात कोंडिबानं मला उंच धरलं.

"पट्टा हाय, सायेब. ह्यो बगा. त्याचाच हाय. तिसऱ्या भोकात बसतोय, घालून बगा."

गाडीवरचा माणूस वाईट नव्हता. खाली बघत तो म्हणाला, "गळ्यात पायजे व्हता, बाबा. हातातला चालत न्हाई."

गाडी सुटली. कोंडिबा दम उखडेपर्यंत तिच्यामागं धावला. दुसऱ्या दिवशी शहरात जाऊन आला, तो मला तसाच मुठीत धरून.

गोजराबाईनं नंतर एक पिल्लू आणलं. कोंडिबानं त्याला नवा पट्टा केला, मला हात लावू दिला नाही. माझ्यावर त्याची लाल बोटं अजून उमटलेली आहेत. दर पोळ्याला तो मला तेल लावतो, तिसऱ्या भोकात अडकवतो आणि रिकामाच परत टांगतो.

मित्रांनो, मुक्या जिवावर माया करा, त्याला मोकळंही सोडा. पण सोडलंत की त्याच्यासोबत चार पावलं चाला. माझा कोंडिबा त्या दिवशी कोसभर धावला. आधी चार पावलं पुरली असती.