गुडघ्यांमधली उशी

मित्रांनो, मी एक जुनी, लांबुडकी उशी आहे. बेंगळुरूत हेब्बाळच्या एका घरात, दिवाणावर माझा मुक्काम असतो. माझ्या पोटात सावरीचा कापूस आहे. गोजराबाईंनी बिया वेचून तो भरला, आपल्या लेकीसाठी, संयोगितासाठी. तिला सातवा महिना लागला होता आणि कंबर तिला धड बसू देत नव्हती की उठू देत नव्हती. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या होत्या, "गोळी नको अक्का. डाव्या कुशीवर नीज, गुडघ्यांमध्ये लांब उशी घे."

त्र्याण्णव साली मी तिच्या सासरी आले. दुपारची जेवणं आटोपली की ती कुशीवर व्हायची, मला गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत घ्यायची. हळूहळू कंबर सैल पडायची, कपाळावरची आठी मोडायची. मला तेवढं एकच काम येतं. नऊ दुपारी मी ते केलं.

दहाव्या दुपारी सासूबाई, जमनाबाई, आत आल्या.

"अगं बाई! उशीला पाय? लक्ष्मी असते ती!"

"आत्याबाई, नर्सबाईंनी सांगितलंय. फार बरं वाटतं."

"डोक्याखाली घ्यायची वस्तू ती. आम्ही काय बाळंत झालोच नाही? थांब, तेल चोळून देते."

आणि खरंच दिलं हो चोळून, कोमट तेल, अगदी मायेनं. मला मात्र उचलून दिवाणावर ठेवलं आणि मोर भरलेली खोळ चढवली. संयोगितानं नवऱ्याकडे पाहिलं. प्रदीपकुमारनं पेपरातून मान काढली नाही. "सरी, ठीक आहे; टॉवेल गुंडाळून घे ना. दोन महिन्यांचा तर प्रश्न."

टॉवेल कूस बदलली की सुटायचा.

माझं कौतुक तिथून सुरू झालं. पाहुणे म्हणत, "मोर काय झकास भरलाय!" पलीकडच्या खोलीतून तिचं कण्हणं ऐकू येई. इतका मान मी कुणाकडे मागितला होता?

दोन वर्षांनी जमनाबाईंची लेक शिल्पाश्री पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. "अम्मा, कंबर तुटतेय गं," म्हणून रडायला लागली. जमनाबाईंनी एका झटक्यात माझी खोळ ओढून काढली.

"घे, गुडघ्यांत घे ही."

"उशीला पाय लागेल ना?"

"पोर कळवळतेय, आणि पायाचं काय घेऊन बसलीस!"

संयोगिता दारात उभी होती, कडेवर लेक. पोरीला खाली ठेवून आत आली आणि मला जरा खाली सरकवलं. "एवढी वर नको, वन्सं. घोट्यांपर्यंत येऊ दे, मग ओढ बसत नाही."

जमनाबाई खोळीची घडी घालत राहिल्या. घातलेली मोडून पुन्हा घातली.

पुढच्या वर्षी संयोगिताला पुन्हा दिवस गेले. मी हाताशीच होते. जमनाबाई म्हणाल्याही, "घे की गं उशी आता."

"राहू दे, आत्याबाई. सवय झालीय."

मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, तेवढी काळजी मला पुरते. पण घरात कुणाला दिवस गेले असतील, तर तिनं मागायच्या आधी मला तिच्या गुडघ्यांत द्या. एकदा 'नाही' ऐकलेली बाई पुन्हा मागत नाही.