न संपणारा मोजा

सासरे आणि सून अकरा दिवस एकमेकांशी बोलत नव्हते, आणि घरच्या कारखान्यातलं मोजे विणायचं मशीन मात्र त्या दोघांच्या बोलण्यावरच चालत होतं. आता देवाने तरी कुठे कुठे लक्ष घालावं?

मशीन जुनं, गोल, लोखंडी, एकशे अडुसष्ट सुयांचं. सासऱ्यांनी निवृत्तीनंतर ते कोपऱ्यातून ओढून काढलं, कॉम्प्युटरला जोडलं आणि त्याच्यासाठी ड्रायव्हर, म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्रॅम, स्वतः लिहिला. हा ड्रायव्हर राहतो कर्नलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या गाभाऱ्यात. तिथे ऐऱ्यागैऱ्याला प्रवेश नाही. बाहेरचा प्रोग्रॅम कितीही देखणा असो, त्याने मशीनला हात लावायचा नाही. दारात उभं राहायचं, हुकमाचा नंबर द्यायचा, किती ओळी विणायच्या तो आकडा द्यायचा आणि गप वाट बघायची. आतला ड्रायव्हर ते घेणार, सुया हलवणार आणि ‘झालं’ किंवा ‘चूक’ एवढंच बाहेर कळवणार. बाहेरचा प्रोग्रॅम पडला तर एकटाच पडतो; आतला ड्रायव्हर पडला तर अख्खा कॉम्प्युटर घेऊन बुडतो. त्यामुळे सासऱ्यांच्या अंगात थेट पुजारी संचारला होता. प्रसन्न व्हायचं की नाही हे देवाआधी तेच ठरवत.

बाहेरचा प्रोग्रॅम सुनेचा. भांडण त्यावरूनच झालं.

“बाबा, तुमचा ड्रायव्हर अगदी तुमच्यावर गेलाय,” ती म्हणाली होती. “काहीही विचारा, उत्तर एकच. चूक! काय चुकलं ते सांगायला मेल्याची जीभ झडते का?”

“ज्याला कळायचं त्याला तेवढ्यात कळतं,” सासरे म्हणाले.

झालं! त्या दिवसापासून सगळे निरोप सासूबाईंमार्फत. त्या बिचाऱ्या मधल्या टेबलाशी मोज्यांच्या जोड्या लावत बसायच्या आणि डावीकडून आलेलं उजवीकडे पोचवायच्या.

“हिला सांग, केबल ओढू नको म्हणावं.”

“आई, त्यांना सांगा, केबल त्यांच्याच पायात अडकलीय.”

दोघांच्या खुर्च्यांमध्ये अंतर चार पावलांचं.

मशीनचं दुखणं एकच होतं, मध्येच धागा तुटायचा. महिनाभर एक मोजा पुरा झाला नव्हता. शेवटी आज सकाळी मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, दारात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. “जागा अडून राहिलीय. तीन वाजता भंगारवाला येतोय. तोवर एक जोडी धड निघाली तर मशीन राहील, नाहीतर टेम्पोत चढेल.”

सासऱ्यांचा चेहरा उतरला. सुनेने तो पाहिला. पण बोलणार कोण?

“हिला सांग,” सासरे पुटपुटले, “धाग्याचा ताण तपासायचा नवा हुकूम घातलाय.”

सासूबाईंनी अक्षरही इकडचं तिकडे न करता निरोप पोचवला.

“घातला असेल. आधी मोजा निघू दे, मग बघू,” सून म्हणाली आणि तिने मशीन सुरू केलं.

धागा तुटला नाही. मशीन विणत राहिलं. विणतच राहिलं. खालच्या तोंडातून काहीतरी लांबलचक बाहेर यायला लागलं. सासूबाईंनी ते हातभर ओढलं, दोन हात ओढलं.

“अगं बाई, हा मोजा आहे की अजगर?”

काठ संपता संपेना, मध्ये टाचेच्या जागी नारळ मावेल एवढा फुगा, मग लगेच पुढचा मोजा सुरू, त्यालाही तसाच फुगा. कापायचं नाव नाही. आणि पडद्यावर ओळीने: झालं, झालं, झालं. ज्या ड्रायव्हरने महिनाभर कशालाच हो म्हटलं नव्हतं, तो आज सगळ्यालाच हो म्हणत होता. सुनेने आपला प्रोग्रॅम तीनदा वाचला. त्यात काही नव्हतं.

“आतून सगळं ठीक आहे, सांग तिला.”

“बाहेरूनही ठीक आहे, सांगा त्यांना.”

दीड वाजला. सासूबाईंनी उठून मशीन थांबवलं, अजगर कात्रीने कापून घेतला. अजगराचं एक टोक त्यांनी नवऱ्याच्या हातात दिलं, दुसरं सुनेच्या. “धरा. मी काही तुमची केबल नाही. मी चालले जेवायला.”

दोघं टोकं धरून बसले. करायला दुसरं काही नाही, म्हणून सून नखाने ओळी मोजायला लागली. काठ नव्वद ओळींचा. नव्वद? नव्वद तर नळीच्या! नळी मोजली, चाळीस. चाळीस म्हणजे टाच. फुगा मोजला, एकशे दहा. ते तर पाऊल. प्रत्येकाच्या अंगात पुढच्याचा सदरा.

“बाबा,” ती म्हणाली. “नवा हुकूम कुठे घातलात?”

“कुठे म्हणजे? धाग्याचा आहे, धाग्याशेजारी. दोन नंबरला. यादी नीटनेटकी नको?”

“मग काठ कितवा झाला?”

“तो तिसरा, नळी चौथी...” सासऱ्यांचं तोंड उघडंच राहिलं. “तुझ्याकडे यादी कुठली आहे?”

“माझी माझी उतरवलेली. जुनी. त्यात काठ दुसरा.”

“फाइल मागायची होतीस!”

“मागायची म्हणजे बोलावं लागलं असतं.”

सासऱ्यांनी बोटांवर नंबर मोजले. मग हळूच म्हणाले, “काठासाठी म्हणून दोन नंबर दिलास, तो धागा तपासून आला, म्हणून धागा तुटला नाही. आणि तू सातवा नंबर देतेस कापायला. आता सातवा बोटांचा. कापणं गेलं आठव्याला. तुझ्या यादीत आठवा नाहीच.”

“आणि तुमचा तो? एकशे दहा ओळींची टाच मागितली, दिली लगेच? कुणाची टाच, एवढं तरी विचारायचं!”

“नंबर खरा होता. तो कशाला चूक म्हणेल?”

पण हे म्हणताना त्यांनी फुग्यात मूठ घालून पाहिली. मूठ हरवली.

नवा हुकूम यादीच्या तळाशी गेला, आठव्या नंबरला, आणि सुनेने तो आपल्या प्रोग्रॅममध्ये काठाच्या आधी घातला. जुने सगळे आपापल्या जागी परत आले. यादीची फाइल एकच ठेवली, दोघांनी वाचायची. सासरे दोन बोटांनी आणखी काहीतरी टाइप करत होते. सुनेने विचारलं नाही.

पावणेतीनला पहिला मोजा निघाला. कापून, बोटं बंद, टाच टाचेएवढी. दुसरा अर्ध्यावर असताना बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. भंगारवाला दोर घेऊन आत आला आणि मशीनला कुठून विळखा घालावा ते बघत उभा राहिला. मुलगा घड्याळाकडे बघत होता, सून सुयांकडे, आणि सासरे डोळे मिटून थेट वरच्याकडे.

टपकन दुसरा मोजा पडला.

मुलाने दोन्हींत हात घातला, ताणले, उलटे केले. खोड काढायला जागाच सापडेना. “राहू दे मशीन,” तो भंगारवाल्याला म्हणाला.

“म्हणजे मी रिकाम्या हाताने जाऊ?”

“हात कशाला रिकामे?” जेवून आलेल्या सासूबाईंनी जोडी त्याच्या पुढे केली. त्याने तिथेच बूट काढून मोजे चढवले, दोन पावलं चालून पाहिली आणि दोर खांद्यावर टाकून निघून गेला.

सुनेने पुढची जोडी लावली. गडबडीत टाचेच्या चाळीसला एक शून्य जास्त पडलं. मशीन हललं नाही. पडद्यावर उमटलं: ‘चूक. टाच चारशे ओळी. मोजा हवाय की पोतं?’

“बाबा! पोतं कुणाला म्हणता?”

“वाचता येतं ना? काय चुकलं ते सांगायला सांगितलं होतंस!”

“सांगायला सांगितलं होतं, टोमणे मारायला नव्हे!”

सासूबाईंनी मधलं टेबल उचललं आणि खिडकीपाशी नेऊन ठेवलं.