पंख्याच्या ताडाचा शेंडा

बारामतीत नीळकंठराव वकिलांच्या बंगल्याची खूण एकच. दारात पंख्याचा ताड होता. एकेका पानाच्या सावलीत माणूस उभा राहील एवढी रुंद, दुमडीदुमडीची पानं. लेक सुधा परकरात होती तेव्हा वकिलांच्या पत्नी यशोदाबाईंनी तो बीपासून वाढवला. वकील पक्षकारांकडे बघत तितकंच झाडाकडे बघत, म्हणजे कामापुरतं.

आता सुधाच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी यशोदाबाई बेळगावला निघाल्या. आजवर ताडाला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. तो त्यांनी बंगल्यामागे भाजीचा मळा करणाऱ्या रामहरीवर सोपवला.

"तुमी निवांत जावा, बाईसाहेब," रामहरी म्हणाला. एवढा विश्वास टाकला म्हणून त्याची छाती फुगली होती.

पण ताडाचा कारभार त्याला पटेना. बादल्याच्या बादल्या रिचवून वर एकच मिटलेला कोंब! खायला काळ अन् भुईला भार. बाई परत येतील तेव्हा झाड डेरेदार दिसावं, असं त्याच्या मनाने घेतलं. तुरीचा शेंडा खुडला की फुटवे येतात, शेवग्याचा मारला की फांद्या धरतात. बापाने हेच केलं, आजानेही. त्याने शिडी लावली, कोंब विळ्याने मुळातून काढला आणि वर शेण लिंपलं. वकील ओसरीवर पेपर वाचत होते. माळी झाडावर चढलाय म्हणजे भल्यासाठीच, असं समजून त्यांनी पान उलटलं.

बारसं उरकून यशोदाबाई टांग्यातून उतरल्या आणि आधी वर पाहिलं.

"कोंब कुठे आहे?"

"खुडला. आता चार फुटतील बगा."

यशोदाबाई पायरीवरच बसल्या. "अरे, ताडाला एकच शेंडा असतो. तो गेला की झाड गेलं."

रामहरीला खरं वाटेना. पानं तर हिरवीगार होती. मग ओढ्याकाठच्या शिंदी, ताडाचीच जात, त्याच्या डोळ्यांपुढे आल्या. जन्मभर पाहिल्या होत्या. एकीलाही फांदी नव्हती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी यशोदाबाई ओसरीवर आल्या, तर तो ताडाच्या आळ्यात पाणी ओतत होता.

"आता कशाला, रामहरी?"

त्याने मान वर केली नाही.

"पानं हिरवी हाईत तवर घालतो, बाईसाहेब. त्यास्नी अजून ठावं न्हाय."