पलीकडे सोडायला

त्या सकाळी मा खाली फरशीवर बसून पुदिना निवडत होती. वरच्या खोलीतली पाहुणी, मारिट, गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन पुन्हा परत आली होती. सायगॉनला येऊन तिला दोन-तीन दिवस झाले होते. उन्हानं नाक सोललं होतं. पाठीवरची पिशवी घेऊन ती कुठून कुठून आली होती, पण गल्लीबाहेरचा रस्ता काही तिला ओलांडता येईना. मोटारसायकलींचा लोंढा तुटायची ती वाट बघायची, आणि तो तर कधीच तुटत नाही.

"न्हुंग, हिला पलीकडे सोडून ये," मानं जिन्यातून हाक मारली. "माझे गुडघे आज कुरकुरतायत."

"मला काम आहे, मा. अर्धं जग ओलांडून आली ना ती एकटी?"

"ते विमानानं. या रस्त्यावरून कोण नेणार, विमान?"

मी हसले. उठले नाही. तपासायची मुद्रितं टेबलावर पडली होती. हातात कादंबरी होती आणि प्रकरण संपत आलं होतं.

मानं ताडपानाची टोपी चढवली आणि भर उन्हात निघाली. खिडकीतून दोघी दिसल्या. लहानपणी मला न्यायची तशीच मा चालत होती, थांबायचं नाही, पळायचं नाही, गाड्या आपोआप वळतात. ती उंच पोरगी तिच्या मनगटाला धरून वाकलेली.

"मनगट मोडलं बयेनं," परत आल्यावर मा म्हणाली. बर्फाचा चहा प्याली, आडवी झाली. दुपारी उठलीच नाही.

माची शवपेटी पुढच्या खोलीत ठेवली. मयताला बोलावतात तो भाड्याचा बँड वाजत होता, शेजारणी टरबुजाच्या बिया सोलत बसल्या होत्या. मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, मा पाहुणीला रस्ता ओलांडून द्यायला गेली होती. त्यात खोटं काहीच नव्हतं. उरलेलं शेजारच्या बाय मावशीनं स्वतःच जुळवलं.

दुसऱ्या दिवशी मारिट पिशवी बांधूनच खाली उतरली. उदबत्ती लावून कशीबशी लवली. मग माझ्या कपाळावरच्या, सुतकात घरच्यांनीच बांधायच्या पांढऱ्या पट्टीकडे बोट करून तिनं इंग्रजीत विचारलं, "मलाही मिळेल? मा मला कॉन म्हणायची."

मावशीला त्यातला तेवढाच शब्द कळला.

"कॉन? लेकरू म्हटलं म्हणून लेकरू झालीस होय गं? ती तर बर्फवाल्यालाही कॉन म्हणायची! तो आलाय का पट्टी मागायला?" बायका हसल्या तशी तिचा आवाज चढला. "म्हातारीला उन्हात ओढून नेलीस, वर सुतक हवंय! न्हुंग, सांग तिला, कळेल असं."

मारिट माझ्याकडे बघत होती. "काय म्हणतायत? माझ्यामुळे झालं, ना?"

दोन्हीकडचं कळणारी त्या खोलीत मी एकटीच. काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. तासाभरात ती निघून गेली असती, हे सगळं पाठीवर घेऊन.

तबकातली एक पट्टी उचलून मी तिच्या कपाळाला बांधली. "तुझ्यामुळे नाही," तिला म्हटलं.

"अगं, अगं! काय करतेस? काय सांगितलंस तिला?"

"मावशी, मानं आधी मला बोलावलं होतं. मी काम आहे म्हणाले. काम नव्हतं. मी गोष्ट वाचत होते, आणि मला उठायचा कंटाळा आला."