सत्यप्रत

अब्बांनी हृदयाची झडप बदलून घेतली नाही, म्हणून ते गेले. भेटायला येणाऱ्या बायकांना अम्मी हे असं सांगत नाही. ती त्यांना अब्बांचा विनोद सांगते.

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं होतं, झडप अरुंद झाली आहे, कृत्रिम बसवू, मग काळजी नाही. अब्बा उशीला टेकून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझ्या गाडीत मी आजवर एक डुप्लिकेट पार्ट घालू दिला नाही. आणि अल्लाहनं बसवलेला ओरिजिनल काढून तुम्ही माझ्यातच डुप्लिकेट घालायला निघालात?" सगळा वॉर्ड हसला. त्यांचे दोस्त समदचाचा शेजारीच बसले होते, ते सर्वांत मोठ्यानं हसले. मी भांडले, रडले, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. अब्बा घरी आले. पुढची ईद त्यांना मिळाली नाही.

अम्मीचं सांगून झालं की बायका मान हलवतात. "उसूलाचा माणूस," म्हणतात. अम्मीला त्यानं बरं वाटतं. मलाही दुसरा आधार नव्हता. माणूस हट्टापायी गेला, पण हट्ट तरी खरा होता.

गाडी म्हणजे सत्तावन्न सालची फियाट, पुढची दारं उलटी उघडणारी. या गाडीला लोक डुक्कर फियाट म्हणतात, आणि मुनवरभाईंच्या दारात डुक्कर बांधलंय, हे अब्बांबद्दल सांगताना अख्ख्या उमरग्याला गुदगुल्या व्हायच्या. अब्बांनी घरात तो शब्द बंद केला होता. आम्ही तिला मॉडेलच्या आकड्यानं 'इलेव्हन हंड्रेड' म्हणायचो.

लोहाऱ्याच्या तहसीलमध्ये अब्बांची नोकरी लोकांचे कागद परत करण्यात गेली. सत्यप्रत चालणार नाही, मूळ प्रत आणा. तीच सवय त्यांनी गाडीला लावली. हँडल तुटलं, दिव्याची काच फुटली, की समदचाचा हैदराबादहून मूळ पार्ट शोधून आणेपर्यंत गाडी उभी. चाचांचं हायवेला जुन्या स्पेअरपार्टचं दुकान आहे. प्रत्येक पार्टबरोबर ते एक हकिगतही आणायचे. ही काच अमक्या जहागीरदाराच्या गाडीची, हे हँडल कुण्या बेगमेच्या. अब्बा तो पार्ट फडक्यात गुंडाळून दिवसभर जवळ ठेवायचे आणि मग बसवायला द्यायचे.

अम्मीची इद्दत, नवरा गेल्यावर घरात बसायचे चार महिने दहा दिवस, संपली त्याच आठवड्यात पुण्याच्या एका संग्राहकानं गाडी मागितली. गाडी आहे तशी जपणार म्हणाला, म्हणून आम्ही तयार झालो. पाहणीला त्यानं मंजुषा नावाची बाई पाठवली. जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणं हाच तिचा व्यवसाय.

तिनं डाव्या दाराचं हँडल खोललं आणि उलटं करून माझ्या हातात दिलं. "पाठीवरून बोट फिरवा. रवाळ लागतंय ना? हे वाळूच्या साच्यात ओतलंय. कारखान्यातल्याची पाठ गुळगुळीत असते." मग उजव्या दाराचं हँडल काढून तिनं शेजारी धरलं. "हे मूळचं. डावं किंचित आखूड दिसतंय बघा. जुन्या हँडलवरूनच साचा काढला की असं होतं. धातू थंड होताना आकसतो. मग भोकं जुळत नाहीत. इथं कानस मारून जुळवलीत."

पुढच्या दिव्याच्या काचेवरची अक्षरं बसकी होती. तीही नक्कल. जाळी, मागचे दिवे, हॉर्नचं बटण. ती एकेकाशी थांबत होती, आणि हैदराबादहून आलेलं काहीच मूळचं निघत नव्हतं.

"नाराज होऊ नका," ती म्हणाली. "काम सुरेख केलंय. इतकी वर्षं चालतायत ना हे पार्ट? गाडीला काही फरक पडला का?"

मी नाही म्हणाले.

ती गेल्यावर मी समदचाचांना बोलावून घेतलं. बॉनेटवर नेहमीसारखी थाप मारून ते व्हरांड्यात बसले.

"काय म्हणली पुण्याची मॅडम? चक्कर आली असंल गाडी बघून."

"डावं हँडल कुणाकडून ओतून घेतलं, चाचा?"

"ते व्हय? ते हैदराबादच्या..."

"चाचा."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "इथलाच ओतारी. मेला बिचारा."

"आणि बेगम?"

"कुठली बेगम, बेटी. पार्टच मिळंनात. पहिल्या खेपेला लई हिंडलो, खोटं न्हाय सांगत. ह्यो मुनवर रोज दुकानात येऊन तोंड पाडून बसायचा. मग दिलं करून. असा खूश झाला की पुढं सांगायची सोयच ऱ्हायली न्हाय."

"त्याचं मला काही नाही. सोलापूरला तुम्ही शेजारी बसला होता."

चाचांनी नजर गाडीकडं वळवली.

"अब्बा म्हणाले, एक डुप्लिकेट घालू दिला नाही. तुम्ही हसलात."

"समदेच हसले."

"समद्यांना माहीत नव्हतं."

"म्हणलं, दोन दिसांनी वळंल. तुमचं दोघींचं ऐकंल."

"आमच्याकडं सांगण्यासारखं काय होतं? तुमच्याकडं होतं. मुनवर, तुझी गाडी अर्धी डुप्लिकेट आहे आणि झकास पळते. एवढंच बोलायचं होतं."

"जिंदगीत पुन्हा माझं तोंड बघितलं नसतं त्यानं."

"नसतं बघितलं," मी म्हणाले. "पण अब्बा असते."

हायवेवरून ट्रक जात होते. चाचा टोपीची कड बोटांनी चाचपत राहिले. मग हळूच म्हणाले, "भाभीला सांगू नको. त्या एका गोष्टीवर दिवस काढायलीय ती."

ते खरंच होतं. अम्मीला एकटी असतानाही तो विनोद पुटपुटताना मी ऐकलं होतं.

"मी नाही सांगणार," मी म्हणाले.

त्यांनी सुस्कारा सोडला आणि टोपी डोक्यावर घातली.

मी आत हाक दिली. "अम्मी, जरा बाहेर ये. समदचाचांना अब्बांचं काहीतरी सांगायचंय."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी खुर्ची पुढं सरकवली. अम्मी ओले हात पदराला पुसत आली, बसली, आणि समदचाचा सांगणार म्हणजे गंमतच असणार म्हणून आधीच हसू लागली.

"सांगा ना, भाईजान," ती म्हणाली.